दुसरे मत आणि साठावा दिवस

आमची मुलगी ४४ दिवसांची असताना डॉक्टरांनी सांगितले की, तिच्या यकृतातून आतड्याकडे पित्त नेणाऱ्या नलिका बहुधा बंद झालेल्या आहेत, या आजाराला बिलिअरी अट्रेसिया म्हणतात आणि त्यावर शस्त्रक्रियेवाचून इलाज नाही. शस्त्रक्रियेचे नाव त्यांनी ‘कासाई’ असे उच्चारले. शेजारी बसलेल्या सासूबाईंनी ते ‘कसाई’ असे ऐकले आणि बाळाला घट्ट छातीशी धरले. मोरिओ कासाई या जपानी शल्यविशारदांनी ती पद्धत शोधली म्हणून तिला त्यांचे नाव आहे, हे डॉक्टरांनी लगेच समजावले. पण त्यानंतरचे त्यांचे एकही वाक्य मला आठवत नाही.

त्याआधीचे तीन आठवडे दुसऱ्याच एका डॉक्टरांच्या सांगण्यावरून आम्ही निर्धास्त होतो. अंगावरच्या दुधामुळे कावीळ रेंगाळते, हे त्यांचे म्हणणे बहुतेक बाळांच्या बाबतीत खरेही असते. मात्र कावीळ दोन आठवड्यांनंतरही उतरली नाही, तर रक्तातल्या एकूण बिलिरुबिनबरोबर (कावीळ आणणारे पिवळे द्रव्य) डायरेक्ट बिलिरुबिनही, म्हणजे त्यातला यकृताने पित्तावाटे बाहेर टाकायचा भागही, तपासावा लागतो, आणि ते आमच्या बाबतीत झाले नव्हते. शीला रंग पित्तामुळे येतो; तो खडूसारखा पांढुरका होत चालल्याचे मला दिसत होते, तरी मी ते ठामपणे बोलले नाही, याची खंत अजून आहे.

एकदा असे फसल्यावर दुसरे मत घ्यावेसे वाटणे स्वाभाविक होते. तरीही डॉक्टरांना ते कसे सांगावे, या विचाराने रात्रभर झोप लागली नाही. सकाळी यजमानांनी विचारले, तेव्हा डॉक्टरांनी कपाळाला आठी न घालता स्वतः पत्र लिहून दिले आणि एवढेच सांगितले की, जरूर विचारा, पण या आठवड्यात. ही शस्त्रक्रिया साठ दिवसांच्या आत झाली तर पित्त वाहू लागण्याची शक्यता अधिक असते. दरम्यानच्या काळात यकृतात व्रण वाढतच असतात. आमच्या हातात १६ दिवस होते.

दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना आम्ही सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावले, स्कॅनच्या लेखी निष्कर्षाबरोबर त्याची सीडीही घेतली आणि दोनच प्रश्न कागदावर लिहिले: हा दुसरा कोणता आजार असू शकतो का, आणि थांबण्यात काही फायदा आहे का? फाइल उघडण्याआधी त्यांनी शीचे फोटो पाहायला मागितले. मी रोज डायपरचे फोटो काढत होते. ते त्यांनी खिडकीच्या उजेडात नेऊन एकेक पाहिले. मग सोनोग्राफीच्या वेळी बाळ किती तास उपाशी होते, असे विचारले. आम्हाला सांगता येईना. दूध पिऊन झाल्यावर पित्ताशय आकसते आणि त्यामुळे तपासणी फसवी ठरू शकते, हे आम्हाला तेव्हा कळले. चार तास उपाशी ठेवून, तिचे रडणे ऐकत, ती तपासणी पुन्हा केली. पित्ताशय तसेच सुकलेले, लहानसे दिसले. बाकीच्या रक्ततपासण्या मात्र त्यांनी पुन्हा सांगितल्या नाहीत. चार किलोच्या बाळाच्या अंगात रक्त असते जेमतेम सव्वातीनशे मिलिलिटर, ते उगाच काढायचे नाही, असे ते म्हणाले.

त्यांचे मत पहिल्या डॉक्टरांसारखेच पडले. शेवटची खात्री शस्त्रक्रियेच्या टेबलावरच होते, तिथे पित्तमार्गात रंगद्रव्य सोडून पाहतात आणि ते आतड्यात उतरले तर पुढची शस्त्रक्रिया करतच नाहीत, हे त्यांनी समजावले. कदाचित पहिल्या डॉक्टरांनीही हे सांगितले असेल. ‘कासाई’ या शब्दानंतर मला काही ऐकू आले नव्हते. एकच गोष्ट दोन शांत माणसांकडून दोनदा ऐकायला मिळाली, हाच त्या भेटीचा सर्वांत मोठा लाभ होता, असे मला वाटते.

त्यानंतर एका नातेवाइकांनी तिसरे नाव सुचवले. तिथे औषधानेच कावीळ उतरते, असे त्यांचे म्हणणे होते. मी चपलाही घातल्या होत्या. यजमान म्हणाले, “आता आपण मत विचारत नाही आहोत, मनासारखे उत्तर शोधतो आहोत.” मला राग आला, रडू आले, आणि मी चपला काढल्या.

शस्त्रक्रिया कुठे करायची, याबद्दल दुसऱ्या डॉक्टरांचे म्हणणे स्पष्ट होते: जिथे ती नेहमी होते तिथेच. म्हणून आम्ही पहिल्याच डॉक्टरांकडे परतलो. ५३व्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. टेबलावर रंगद्रव्य पुढे सरकले नाही, निदान बरोबर होते. सहाव्या दिवशी पहाटे यजमानांनी डायपर खिडकीपाशी नेऊन पाहिले आणि मला उठवले. शी हिरवट होती.

पुढे यकृत प्रत्यारोपणाची वेळ येऊ शकते, अनेक मुलांवर येते, हे आम्हाला दोघाही डॉक्टरांनी सांगितले आहे. शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांनी करायची बिलिरुबिनची तपासणी येत्या सोमवारी आहे. तोवर रोजचा फोटो मी काढतेच आहे.