ग्रीनविच : विसर्जनानंतरची गोष्ट

सुझन कूपर यांची ‘ग्रीनविच’ (Greenwitch) ही किशोरांसाठीची इंग्रजी कादंबरी १९७४ साली प्रसिद्ध झाली. पाच कादंबऱ्यांच्या मालेतला हा तिसरा आणि आटोपशीर भाग. एखाद्या रविवारी सकाळी हातात घेतला तर रात्रीपर्यंत सहज वाचून होईल असा. यंदा दिवाळीच्या सुट्टीत माझी भाची नाशिकला राहायला आली होती, तेव्हा आम्ही दोघींनी ही कादंबरी मोठ्याने वाचून काढली. पुस्तक इंग्रजीत असल्याने मी वाचत असताना मधूनमधून मराठीत सांगत गेले, आणि त्या सांगण्याच्या ओघात मला जे जाणवले ते येथे लिहून ठेवावेसे वाटते.

मालेचा पहिला भाग १९६५ साली आला. त्यात सायमन, जेन आणि बार्नी ही तीन भावंडे इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमधल्या ट्रेविसिक नावाच्या काल्पनिक बंदरगावी सुट्टीला जातात आणि एक प्राचीन चषक शोधून काढतात. त्या धांदलीत चषकावरच्या लेखाचा उलगडा करणारे हस्तलिखित मात्र शिशाच्या नळीसह समुद्रात पडते. दुसऱ्या भागात (१९७३) ही भावंडे नाहीतच. तिथे विल स्टँटन हा मुलगा अकराव्या वाढदिवशी आपण सामान्य माणूस नसून प्रकाशाच्या बाजूने लढणाऱ्या प्राचीन मंडळींपैकी शेवटचा आहोत, हे जाणून घेतो. तिसऱ्या भागात हे दोन्ही धागे एकत्र येतात. संग्रहालयातला चषक चोरीला गेला आहे, आणि मुलांचे आजोबा म्हणावे असे मेरिमन त्यांना पुन्हा ट्रेविसिकला घेऊन जातात, पण सोबत विललाही बोलावतात. भावंडांना हा उपरा मुलगा मुळीच रुचत नाही. पहिल्या भागात ज्यांनी पराक्रम केला त्यांना दुसऱ्या भागाच्या नायकाशेजारी उभे करून थोडे खुजे करण्याचे धैर्य लेखिकेने दाखवले आहे, आणि मुलांचा रुसवाही तिने खरा रंगवला आहे. बहुतेक पुढच्या भागांत जुन्या नायकांना अधिक मोठे केले जाते. येथे त्यांना ठाऊक नसलेले बरेच काही वाचकाला ठाऊक असते, आणि हे अंतर शेवटपर्यंत मिटत नाही.

परंतु कादंबरीचा गाभा चषकात नाही, तो गावातल्या एका विधीत आहे. वसंत ऋतूत एका रात्री ट्रेविसिकच्या बायका समुद्राकाठच्या कड्यावर जमतात आणि पहाटेपर्यंत जागून झाडांच्या फांद्यांची एक भलीमोठी स्त्री-आकृती बांधतात. सांगाडा हेझलचा, डोके रोवनचे, अंग हॉथॉर्नच्या फांद्यांचे, आणि पाण्यात बुडावी म्हणून आत दगड भरलेले. पुरुषांना त्या रात्री तिथे येण्याची मुभा नाही. पहाटे मासेमारीच्या होड्या परततात, मग पुरुष येऊन ती आकृती कड्यावरून समुद्रात लोटून देतात. मासळी भरपूर मिळावी आणि पीक चांगले यावे म्हणून हे सारे. जिला ते ग्रीनविच म्हणतात तिला समुद्रात जाण्यापूर्वी हात लावून मागणे मागितले तर ते पुरे होते, अशीही गावची समजूत.

हा विधी कादंबरीसाठी रचलेला असला तरी तो त्या मातीत परका वाटत नाही. कॉर्नवॉलमधल्याच पॅडस्टो गावात आजही १ मे रोजी काळ्या ‘घोड्या’ची मिरवणूक वाजतगाजत निघते. रोवनचे झाड चेटकापासून राखण करते आणि हॉथॉर्नची फुले घरात आणणे अशुभ, हे ब्रिटिश लोकसमज जुने आहेत. ट्रेविसिकचे मूळ असलेले मेव्हागिसी हे खरे गाव तारलीच्या जातीच्या मासळीवर पिढ्यान्‌पिढ्या जगलेले. कूपर लहानपणी तिथे सुट्टीला जात असत. समुद्रावर पोट असलेल्या गावात समुद्राला काहीतरी द्यावे लागते, हे कोणाला समजावून सांगण्याची गरज पडत नाही. नारळी पौर्णिमेला आपले कोळी बांधव नारळ देतातच.

मला मात्र नारळापेक्षा गौर आठवली. कोकणात तेरड्याच्या रोपांची गौर बसवतात, तिला साडी नेसवतात, दागिने घालतात, मुखवटा लावतात. आमच्याकडे नाशिकला अनेक घरांत खड्यांच्या गौरी असतात. घरातल्या बायका मुकाट्याने नदीकाठावरून खडे घेऊन येतात. मंगळागौरीचे जागरण तर सर्वांच्या ओळखीचे. बायकांची रात्र, पाल्याफुलांची देवता आणि अखेरीस पाण्यात निरोप, एवढे सगळे जुळल्यावर भाचीला ग्रीनविच समजावून सांगायला मला फारसे कष्ट पडले नाहीत. कष्ट पडले ते पुढे.

जेन हिला त्या रात्री तिथे थांबू दिले जाते. पाहुणी, त्यातून लहान मुलगी, म्हणून बायका तिला थट्टेत म्हणतात की तूही काही माग. जेन आकृतीला हात लावते आणि तिला एकाएकी असे जाणवते की आपल्यासमोर जे उभे आहे ते भयंकर एकटे आहे. स्वतःसाठी काही मागण्याऐवजी ती एवढेच म्हणते की तू सुखी व्हावीस. बायका हसत नाहीत, पण काय बोलावे तेही त्यांना सुचत नाही. येथे भाचीने मला थांबवले आणि विचारले, “मावशी, पण तिला परत या म्हणत नाहीत का कोणी?”

या प्रश्नावर कादंबरी उभी आहे असे मला वाटते. गौर आपल्याकडे माहेरवाशीण म्हणून येते. ती तीन दिवस राहते, दुसऱ्या दिवशी तिला पुरणपोळीचा नैवेद्य होतो, तिसऱ्या दिवशी ओटी भरून तिला निरोप देतात. गणपतीसोबत दहीपोह्यांची शिदोरी जाते, आणि पुढच्या वर्षी लवकर या म्हणून घाटावर घसा बसेपर्यंत आपण ओरडतो. मूर्ती पाण्यात सोडण्याआधी तिच्यातले देवत्व परत पाठवण्याची उत्तरपूजा असते. पाण्यात जाते ती केवळ माती. (नदीच्या दृष्टीने शाडू आणि प्लॅस्टर यांत केवढा फरक आहे, हे गोदाकाठी राहणाऱ्यांना सांगायला नको, आणि मूर्तिदानाच्या मंडपांपुढच्या रांगा ही त्याचीच पावती आहे.) ट्रेविसिकच्या लोकांनी यातले काहीच केलेले नाही. त्यांनी रात्रभर जागून एक देह घडवला, त्यात नकळत जीव आला, आणि त्या जिवाची उत्तरपूजा न करता तो कड्यावरून ढकलला. दरवर्षी नवी ग्रीनविच घडते आणि जुनीचे नाव कोणी काढत नाही. कादंबरीतला अंधार या विस्मरणातून येतो, राक्षसातून किंवा चेटकिणीतून नव्हे. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’मधली चिंची चेटकीण पाहून आपल्या पिढ्या खळखळून हसल्या आणि ते उत्तमच झाले, पण लहान मुलांना हसवणारी भीती आणि त्यांना कोणाची तरी दया यावी अशी भीती, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी आपल्याकडच्या मुलांच्या पुस्तकांत मला क्वचितच भेटली.

समुद्रतळाशी गेलेल्या ग्रीनविचला ते हरवलेले हस्तलिखित सापडते आणि ती त्याला कवटाळून बसते. हे माझे आहे, माझे गुपित आहे, असे ती लहान मुलासारखी म्हणत राहते. जन्मापासून तिला स्वतःचे म्हणून दुसरे काहीच मिळालेले नाही. अंधाराच्या बाजूचा एक चित्रकार मंत्राच्या बळावर ते तिच्याकडून हिसकावू पाहतो, तर विल आणि मेरिमन सागराची स्वामिनी टेथिस हिच्याकडे रदबदली करायला समुद्राच्या पोटात उतरतात. कूपर यांच्या मालेत प्रकाश आणि अंधार यांखेरीज एक तिसरी शक्ती आहे, रानटी जादूची, जी कोणाच्याच बाजूची नाही. वारा, लाटा आणि ग्रीनविच तिच्या अधीन. चांगल्या-वाइटाची सरळ वाटणी करणाऱ्या कादंबऱ्यांत ही तिसरी शक्ती फार मोलाची वाटते, कारण तिच्यापुढे चांगल्यांचेही काही चालत नाही.

चित्रकाराच्या हट्टामुळे ही शक्ती एका रात्री गावावर मोकळी सुटते, आणि माझ्या मते पूर्ण पुस्तकातले सर्वोत्तम लेखन या प्रकरणात आहे. गावाच्या भूतकाळातल्या सगळ्या आपत्ती एकाच रात्री गल्लीबोळांतून फिरू लागतात. समुद्रावरून आलेले हल्लेखोर, जाळपोळ, आणि तस्करीच्या काळातली एक फितुरी. अठराव्या शतकात चहा आणि ब्रँडी यांच्यावरच्या जबर करांमुळे कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर चोरटा व्यापार फोफावला होता, आणि सरकारला खबर देणारा माणूस गावाच्या लेखी खुन्याहून वाईट ठरत असे. त्या जुन्या फितुराचा हिशेब गावची भुते आता भलत्याच माणसाकडून चुकता करतात. येथे भय माणसाच्या अंगावर धावून येत नाही; गावालाच आपले सगळे एकदम आठवते आणि माणसे दारे लावून बसतात. हे वाचताना भाची माझ्या अगदी जवळ सरकली, पण थांब म्हणाली नाही.

उणिवा आहेत. सायमनला पूर्ण पुस्तकात करण्यासारखे जवळजवळ काही नाही. मेरिमन यांना सगळे आधीच ठाऊक असते, त्यामुळे त्यांच्या तोंडचे संवाद पुष्कळदा प्रवचनाकडे झुकतात. टेथिसच्या भेटीचे वर्णन भाषेच्या दृष्टीने देखणे असले तरी त्यात घडत काहीच नाही, आणि मोठ्याने वाचताना तर ते फारच लांबते. मी त्यातला बराच भाग गाळला. चित्रकाराने बार्नीला पळवून चषकात पाहायला लावण्याचा प्रसंग अंगावर येतो, परंतु त्याचा बार्नीच्या मनावर पुढे काही परिणाम राहिल्याचे दिसत नाही, हेही खटकते.

तरीही कथेची गाठ जिथे सुटते ती जागा निर्दोष आहे. प्रकाशाच्या मोठमोठ्या धुरिणांना जे मिळत नाही ते जेनला मिळते, कारण ग्रीनविचसाठी तिने काही मागितले होते, तिच्याकडून नव्हे. जेनला त्या वेळी लढाईची कल्पनाही नव्हती, म्हणून तिच्या दयेला हेतूचा वास नाही. ग्रीनविच तिला ओळखते आणि आपले गुपित आपण होऊन देते. बक्षिसासाठी चांगुलपणा करणाऱ्या मुलांच्या गोष्टी वाचून कंटाळलेल्या कोणालाही ही मांडणी ताजी वाटेल. भाचीचा मुद्दा मात्र वेगळाच होता: जेनने हस्तलिखित घेतले, मग ग्रीनविचकडे काय उरले? जेनलाही शेवटी हाच प्रश्न पडतो, आणि ती त्याचे काय करते ते येथे सांगणे योग्य होणार नाही.

कादंबरी वाचायची असल्यास मालेतला पहिला भाग आधी वाचलेला बरा, कारण हस्तलिखित समुद्रात का गेले हे त्यातच आहे. दुसरा भाग नंतर वाचला तरी चालेल, फक्त विल कोण याची ओळख थोडक्यात करून द्यावी लागेल. चौथ्या भागाला १९७६ साली अमेरिकेतले बालसाहित्यासाठीचे न्यूबेरी पदक मिळाले, त्यामुळे बहुतेक वाचक तिसऱ्याकडे जिन्याची पायरी म्हणून पाहतात आणि घाईने पुढे जातात. नऊ-दहा वर्षांच्या मुलांना गावातल्या रात्रीचे प्रकरण दिवसाउजेडी वाचून दाखवावे. त्याहून मोठ्यांना ते रात्रीच वाचू द्यावे.