तुम्ही विचारलंत म्हणून: छापखानेवाला पुढारी कसा झाला?

अमेरिकेतल्या क्रोएशियन वस्त्यांचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो: साधं साप्ताहिक छापणाऱ्या माणसामागे समाज का उभा राहिला? देशप्रेम, वक्तृत्व ही उत्तरं लोकांना आवडतात. असाच एक साप्ताहिकवाला पुढारी म्हणजे झ्द्राव्को मुझिना. त्याच्यापुरतं तरी उत्तर वर्गणीदारांच्या वहीत शोधावं.

शिकागोत निकोला पोलिच यांनी 1892 मध्ये क्रोएशियन वर्तमानपत्र सुरू केलं होतं. मुझिनाने 1894 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या ॲलेगेनीत ‘दानित्सा’ हे साप्ताहिक काढलं. (हे गाव 1907 मध्ये पिट्सबर्गात विलीन झालं.) वाचक म्हणजे पोलादाच्या भट्ट्यांवर आणि कोळशाच्या खाणींत राबणारे, बहुतेक सडेफटिंग, काम सुटलं की गाव बदलणारे. अशा माणसांचे ताजे पत्ते ना सरकारकडे, ना मालकाकडे. ते असत अंक पाठवणाऱ्याकडे.

त्यात छपाईच्या खिळ्यांची, म्हणजे अक्षरांच्या ठशांची, कटकट वेगळीच. इंग्रजी छापखान्यात क्रोएशियन अक्षरांवरच्या खुणा नसत. उलट्या टोपीचा ‘सी’ चेक भाषेच्या खिळ्यांच्या पेटीत मिळे, तिरक्या रेघेचा पोलिश भाषेच्या पेटीत. दोन्ही एकाच ठिकाणी मिळणं कठीण. जुळाऱ्याने खूण गाळली की आडनाव बदललंच. बातमीत ते खपतं, पैशांच्या यादीत नाही.

कारण मुद्दा पैशांचाच होता. पेनसिल्व्हेनियात कामगार-भरपाईचा कायदा आला 1915 मध्ये. तोवर भट्टीत माणूस गेला तर दफनासाठीही वर्गणी काढावी लागे. म्हणून 2 सप्टेंबर 1894 रोजी ॲलेगेनीतच मुझिना, पेतार पाव्लिनात्स आणि इतरांनी ‘हर्वात्स्का झायेद्नित्सा’ ही, सभासद गेला की वारसाला पैसे देणारी संघटना स्थापली. हीच पुढे क्रोएशियन फ्रॅटर्नल युनियन झाली.

अशा मृत्युनिधीचं गणित सोपं, आणि तिथेच फसगत. समजा सभासद हजार आणि वारसाला द्यायचे 400 डॉलर. एक मृत्यू झाला की प्रत्येकी 40 सेंट. वर्षाला दहा मृत्यू म्हणजे डोई 4 डॉलर. सभासदांचं वय वाढलं, मृत्यू वीसवर गेले, की 8 डॉलर. विशीतला पोरगा विचारतो, पन्नाशीच्या माणसाइतकाच भार मी का उचलू? तो बाहेर पडतो, उरलेल्यांवरचा बोजा आणखी वाढतो. भिशीत माणसं ठरलेली असतात, इथे तरुण भरती थांबली की निधी आटलाच. अशा बहुतेक संस्थांना शेवटी वयानुसार हप्ते लावावे लागले. तोवर गाडा ओढायचा तर नवे सभासद हवेत, आणि ते मिळवायला लांबलांबच्या खाणवस्त्यांपर्यंत पोचणारं पत्र हवं. पुढारीपण आलं ते इथून.

पण छापखाना आणि गल्ला एकाच हातात आला की काय होतं, तेही पाहा. न्यूयॉर्कचा फ्रँक झोत्ती ‘नारोदनी लिस्त’ हे वर्तमानपत्र चालवी, बोटीची तिकिटं विकी आणि स्थलांतरितांच्या ठेवीही घेई. मालकाचीच बँक असली की तिच्याबद्दल शंका छापायची कोणी? 1908 मध्ये ती बुडाली आणि हजारो मजुरांची पुंजी अडकली. त्याला समाजसेवक म्हणणारे आजही भेटतात. ठेवीदारांची यादी पाहिल्यावर आम्हाला तो शब्द जड जातो.

झायेद्नित्साचा पैसा मात्र शाखांच्या खजिनदारांमार्फत वर जाई, संपादकाच्या खिशातून नव्हे. 1904 पासून तर तिने ‘झायेद्निचार’ हे स्वतःचंच मुखपत्र काढलं.