नव्वद अंशांचं अंतर

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टची तोंडी परीक्षा होऊन गेली, तरी एक आलेख माझ्या डोक्यातून जात नाही.

सोलापुरात आमच्याकडे अशा कामाची दुर्बीण नाही. माझ्या विद्यार्थिनीने अ‍ॅरिझोनातल्या स्टुअर्ड वेधशाळेची खुली मापं घेतली होती. गॅमा किरण टिपणाऱ्या फर्मी उपग्रहाच्या जोडीने त्यांनी वर्षानुवर्षं ब्लेझारांचं, म्हणजे ज्यांचा झोत आपल्या रोखाने असतो अशा दीर्घिकांचं, पोलरायझेशन (प्रकाशाची कंपनं कोणत्या दिशेत आणि किती एकवटली आहेत ते) मोजलं आणि सगळ्यांसाठी खुलं केलं. त्यांचे उपकार मानावेत तेवढे थोडेच.

तिची दीर्घिका ३सी २७९, कन्या राशीतली. तिच्या कृष्णविवरापासून निघालेला झोत जवळपास आपल्याच रोखाने येतो. पोलरायझेशनची टक्केवारी झोतातलं चुंबकीय क्षेत्र किती शिस्तीत आहे ते सांगते आणि कोन त्याची दिशा सांगतो. पण या कोनाला बाणासारखं टोक-बूड नसतं; १० अंश आणि १९० अंश एकच. म्हणून लागोपाठच्या दोन मापांतला फरक नव्वदच्या आत राहील असे १८० मिळवायचे किंवा वजा करायचे, ही रूढ रीत. रोज मापं असतील तर ती चालते. स्टुअर्डला मात्र दुर्बीण महिन्यातल्या ठरावीक रात्रीच मिळायची.

तिच्या आलेखात नेमक्या अशा खंडानंतर कोन जवळजवळ नव्वदने सरकलेला. वर गेला की खाली? तेज वाढलेलं, टक्केवारी घसरलेली. टक्केवारी घसरली की कोनही डळमळतो: टक्केवारीतल्या त्रुटीला टक्केवारीनेच भागून २८.६५ ने गुणलं की कोनातली त्रुटी अंशांत मिळते. माझ्या विद्यार्थिनीने हे करून दोन्ही शाखा काढल्या, कोन वर गेला असं धरून एक लाल, खाली गेला असं धरून एक निळी. मला तो आलेख फार आवडला.

बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "काय ते एक ठरवा. २००९ मध्ये हिचाच कोन वीस दिवसांत २०८ अंश फिरला होता, गॅमा किरणांच्या भडक्यासोबत. इथेही फिरलाच असणार."

"सर, मधल्या रात्रींची मापं असती तर ठरवलं असतं," ती म्हणाली.

मार्क कापले गेले. आपल्याकडे निष्कर्षाचं पान भरलेलं लागतं, मग ते कशानेही भरा. झोतातलं विस्कळीत क्षेत्रसुद्धा निव्वळ योगायोगाने कोन असा फिरवू शकतं, हे संगणकी प्रतिकृतींत दिसलंय. ते सांगायला तिला वेळच मिळाला नाही.

ग्रीसच्या क्रीट बेटावरच्या रोबोपोल या पोलरायझेशन मोजणाऱ्या उपकरणाने २०१३ पासून ब्लेझारांचे कोन मोजलेत. त्या खंडातली एखादी रात्र तिथे सापडते का, ते आता आम्ही शोधतोय. दोन-तीन मापं मिळाली तरी एक शाखा खोडता येईल.