कान कोरणारा नागसेन

मूर्ती माझ्या मुठीएवढी. एक म्हातारा भिक्खू गुडघा उभा करून बसलाय, मान कललेली, एक डोळा अर्धवट मिटलेला, आणि बारीक काडीने तो कान कोरतोय. कान कोरताना कुणाच्याही चेहऱ्यावर येतं तेच सुख त्याच्या चेहऱ्यावर आहे. चीनच्या फुजियान प्रांतात, फूचौ शहरातल्या एका जुन्या दुकानात मी काचेच्या कपाटापुढे उभी होते. दुकानातल्या आजीबाईंनी पाटीवरची अक्षरं माझ्यासाठी सावकाश वाचली : ना-च्या-शी-ना.

मी दोनदा पुटपुटले. तिसऱ्या वेळी अंगावर काटा आला. नागसेन!

मी संभाजीनगरची. बाबासाहेबांनी १९५० साली जिथे मिलिंद महाविद्यालय उभं केलं, त्या नागसेनवनात माझी कॉलेजची वर्षं गेली. मिलिंद राजाच्या प्रश्नांना उत्तरं देणारा नागसेन आम्हाला पाठ. तोच हा, असं परंपरा मानते. इतक्या लांब तो कान कोरत बसलेला भेटेल असं कधी वाटलं नव्हतं.

अर्हत म्हणजे निर्वाणाच्या पायरीला पोचलेला बौद्ध साधक. चिनी लोक अर्हताला ‘लुओहान’ म्हणतात. हे लुओहान मूळचे सोळा, पुढे आणखी दोघांची भर पडून अठरा झाले. बुद्धांनी त्यांना सांगितलं होतं, मैत्रेय, म्हणजे पुढचा बुद्ध, येईपर्यंत निर्वाणात जाऊ नका, इथेच थांबा, धम्म सांभाळा. ही कथा आणि सोळा जणांची नावं ज्या ग्रंथात आहेत, तो चिनी भाषेत आणला युआन श्वांगने, इसवी सन ६५४ मध्ये. हो, शाळेच्या इतिहासातला आपला युआन श्वांग! त्याच्या तेराएक वर्षं आधी तो महाराष्ट्रात येऊन गेला होता. पुलकेशीबद्दल, इथल्या माणसांच्या ताठपणाबद्दल त्याने लिहिलंय. डोंगरातल्या एका विहाराचंही वर्णन केलंय आणि तो अचल नावाच्या अर्हताने बांधवला असं म्हटलंय. अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यातल्या शिलालेखात स्थविर अचलाचं नाव आहे. त्या लेण्यात मी किती वेळा गेले असेन, पण अर्हतांची ही वाट इकडे फूचौपर्यंत येते हे मला इथे येऊन उमगलं.

आजीबाई एकेक मूर्ती दाखवत गेल्या, मी फोनमध्ये नावं जुळवत गेले. लांबलचक भुवयांचा तो अजित. विचारात बुडालेला राहुल. ध्यानाला बसलेला नकुल. एखाद्या मराठी शाळेची हजेरी चालल्यासारखं वाटत होतं. एकजण छातीवरचं वस्त्र दोन्ही हातांनी उघडून आतला बुद्ध दाखवत होता. कुणीही मराठी माणूस आधी मारुतीच म्हणेल, मीही म्हणाले. तो जीवक निघाला.

दुसऱ्या दिवशी गाडी करून शौशानला गेले. हे सगळे अर्हत ज्या दगडातले, त्याचं हे गाव. फूचौच्या उत्तरेला, वळणावळणाच्या घाटातून वर. पाश्चात्त्य व्यापाऱ्यांनी चीनमधल्या अशा सगळ्या मऊ दगडांना सोपस्टोन म्हणून टाकलं. आपलं शंखजिरं तो खरा सोपस्टोन. शौशानचा दगड खनिज म्हणून वेगळा, पण हाताला तसाच गुळगुळीत आणि कोरायला तितकाच राजी. अजिंठ्याच्या बेसॉल्टशी झुंजावं लागतं. हा दगड छोट्या छिन्नीलाही ऐकतो. म्हणून तर भुवईचा एकेक केस, चिवराच्या काठावरची वेलबुट्टी, कानातली काडी, सगळं त्यात उमटतं.

गावातून एक ओढा वाहतो आणि त्याच्या काठची भातखाचरं जगप्रसिद्ध आहेत. डोंगरातल्या शिरेतून फार पूर्वी सुटलेले तुकडे ओढ्यात घरंगळले, चिखलाखाली गाडले गेले आणि मातीतल्या लोहाने पिवळे झाले. हा ‘त्येनहुआंग’, म्हणजे शेतातला पिवळा. आत मुळ्याच्या तंतूंसारख्या बारीक रेषा, वर साल. छिंग सम्राटांना याचं वेड होतं. त्यांच्यातल्या चिएनलुंग सम्राटाच्या तीन साखळीबद्ध मुद्रा, म्हणजे शिक्के, याच एका दगडातून कोरलेल्या आहेत. खाचरं इतक्या वेळा उकरली गेली आहेत की आता हाती फारसं काही लागत नाही. बाजारात पिवळे दगड मात्र ढिगाने दिसतात. त्यांवर माझा विश्वास बसला नाही.

मला सोन्याच्या भावाच्या त्या दगडापेक्षा गावातल्या एका विहाराची गोष्ट जास्त भिडली. तांग राजवटीच्या अखेरीस इथे ग्वांगयिंग नावाचा विहार होता. तिथले भिक्खू डोंगरातला दगड आणून त्याच्या मूर्ती, जपमाळांचे मणी घडवत आणि येणाऱ्यांना भेट देत. विहार जळाला, साठवलेले दगड मातीत गेले आणि शेकडो वर्षांनी लोकांना सापडू लागले. मातीत मुरून त्यांचा रंग गडद झाला होता. त्यांना आजही ‘विहाराच्या जागेचा दगड’ असंच नाव आहे.

मूर्ती म्हणून या दगडाला शिखरावर नेलं ते सतराव्या शतकात यांग यूश्वान आणि चौ बिन यांनी, दोघेही फुजियानच्याच चांगपूचे. चौ आपली सही मुद्रेवरच्या नक्षीत अशी दडवायचा की शोधावी लागते. यांगच्या अर्हतांचे फोटो मी आधी पाहिले होते : सैल पोट, गालाची हाडं, थकलेले आणि तरीही निवांत डोळे. ही माणसं देव झालेली नाहीत. म्हणूनच करुणेची बोधिसत्त्व ग्वानयिन हिच्या सुबक मूर्तींपुढून मी भराभर गेले आणि म्हाताऱ्या लुओहानांपुढे रेंगाळले. आजच्या बाजारातल्या बऱ्याच मूर्ती मात्र चकाकीने आणि बारकाव्यांच्या गर्दीने गुदमरल्यासारख्या वाटल्या. दगडात लाल थर आला की तिथे चिवर, पांढरा आला की चेहरा, ही रंग साधण्याची हातोटी अजून आहे. पण चेहऱ्यावर कुणी थांबत नाही.

परतीच्या आदल्या संध्याकाळी पुन्हा त्या दुकानात गेले. कपाटातला जुना नागसेन विकायचा नव्हताच, आणि १९११ च्या आधीच्या वस्तू चीनबाहेर नेता येत नाहीत, तेही योग्यच आहे. आजीबाईंनी जाईच्या फुलांचा चहा दिला. मग फडताळातून नवा, लहानसा नागसेन काढला. शौशानच्याच दगडातला साधा काओशान प्रकार, करडा, एका बाजूला तांबूस. त्यांच्या मुलाच्या हातचा. माझ्या तळव्यावर ठेवला तेव्हा गार होता, थोड्या वेळात कोमट झाला. ‘नागसेन,’ मी म्हणाले. ‘नाच्याशीना,’ त्या म्हणाल्या, आणि बोटाने तेल लावून दाखवलं : उन्हात ठेवू नकोस, तडा जाईल, कोरडा वाटला की चहाच्या बियांच्या तेलाचं एक बोट फिरव.

तो आता घरात, बाबासाहेबांच्या फोटोशेजारच्या फळीवर आहे. खिडकीपासून लांब.