माय केदारनाथच्या पायथ्याहून परत आली, त्याबद्दल

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. सोयऱ्यांच्या लग्नात, आर्वीच्या बाजारात, कृषी केंद्राच्या काउंटरवर, जिथं भेटलो तिथं एकच प्रश्न, "मायले गाडीत बसवून एवढ्या दूर केदारनाथले नेलं न् दर्शन न करवताच आणलं? मंग फायदा काय झाला?" कोणी वाईट मनानं विचारत नाही हे मला माहीत आहे. पण दर वेळी अर्धवट काहीतरी सांगून मी चहा पिऊन उठतो आणि मग रस्ताभर वाटत राहतं की नीट सांगायला पाहिजे होतं.

आमच्या घरात महादेव म्हणजे पचमढीचा. बाबा दरवर्षी शिवरात्रीला गावच्या लोकांसोबत त्रिशूळ खांद्यावर घेऊन चौरागड चढायचे, पार गुडघे गेले तोपर्यंत. माय कधीच गेली नाही, कारण घरी दोन म्हशी, बैलजोडी, आम्ही तीन लेकरं, कोणी तरी थांबावंच लागायचं आणि थांबणारी तीच. तिनं आयुष्यात एकच गोष्ट तोंडानं मागितली, "एकदा केदारले ने." तेही मला नोकरी लागली तेव्हा नाही, शेतीत जरा बरं चाललं तेव्हा नाही, तर वयाच्या ७१ व्या वर्षी, दमा लागून दहा वर्षं झाल्यावर. चुलीचा धूर आयुष्यभर खाल्ला तिनं, दुसरं काय होणार.

शेतकऱ्याला फिरायला मे महिनाच. पऱ्हाट्या उपटून झालेल्या असतात, वखरणी आटोपलेली असते आणि मृग लागायच्या आत घरी आलं म्हणजे पेरणी चुकत नाही. २०२४ ला केदारनाथचे कपाट, म्हणजे देवळाचे दरवाजे, १० मे ला, अक्षय तृतीयेला उघडले आणि आम्ही आठवडाभरानं निघालो, मी, बायको, भाचा आणि माय, आमच्याच बोलेरोनं. रेल्वेनं का नाही? कारण मायला दर दोन तासांनी उतरून पाय मोकळे करावे लागतात, इनहेलर घ्यावं लागतं, आणि गाडी आपली असली की कुठंही थांबता येतं. नागपूरहून सिवनी, लखनादौन, सागरला मुक्काम, मग झाशी, ग्वाल्हेर, मथुरा, तिसऱ्या रात्री हरिद्वार. चौदाशे किलोमीटरच्या आसपास झालं असेल. या भागाबद्दल सांगण्यासारखं फार नाही, ऊन आपल्यासारखंच आणि शिदोरीतल्या दशम्या आणि ठेचा आग्र्याच्या अलीकडेच संपला.

ऋषिकेशच्या पुढं मात्र मायनं खिडकीची काच वर केलीच नाही. देवप्रयागला गाडी बाजूला घेतली, तिथं भागीरथी आणि अलकनंदा मिळतात आणि पुढं नदीचं नाव गंगा होते. दोन पाण्यांचे दोन रंग चांगले दूरपर्यंत वेगळे दिसत होते. माय कठड्याला धरून उभी राहिली आणि बराच वेळ काहीच बोलली नाही, मग म्हणाली, "लगेच नाही मिसळत बापा, थोडा वेळ लागतेच." ती नदीबद्दल बोलली की सुनेबद्दल हे मी विचारलं नाही, पण बायको शेजारीच उभी होती आणि तिनं मायचा हात धरला.

गुप्तकाशीला आम्ही मुद्दाम एक दिवस थांबलो. हे प्रत्येकाला सांगतो, म्हातारं माणूस सोबत असेल तर सरळ वर पळू नका, शरीराला उंचीची सवय होऊ द्या. आपलं गाव समुद्रसपाटीपासून तीनशे-साडेतीनशे मीटरवर, केदारनाथ ३,५८३ मीटरवर. तिथं हवाच इतकी विरळ की एका श्वासात जो ऑक्सिजन खाली मिळतो त्याचा दोन-तृतीयांशच हाती लागतो. धडधाकट माणसाला धाप लागते, मग दम्याच्या माणसाचं काय होत असेल.

कोरोनाच्या वेळी घेतलेलं, रक्तातला ऑक्सिजन दाखवणारं बोटाला लावायचं मशीन मी सोबत ठेवलं होतं. घरी मायचं ९५ यायचं. गुप्तकाशीत ९२. सोनप्रयागला पोहोचलो, तिथं शंभर-दीडशे पावलं चालली आणि बसली, तेव्हा ८७. मी दोनदा बोट पुसून लावलं. तिथल्या कॅम्पमधल्या डॉक्टरनं छाती तपासली आणि सरळ सांगितलं की माताजी को ऊपर मत ले जाइए. मी हेलिकॉप्टरचं विचारलं तर म्हणाले, ते तर अजून वाईट, काही मिनिटांत एवढ्या उंचीवर नेऊन सोडलं की शरीराला सावरायला वेळच मिळत नाही. भाच्यानं पालखीचं काढलं, चार माणसं उचलून नेतात. अहो पण पालखीनं पाय वाचतात, श्वास कसा वाचेल?

तुम्हाला खरं सांगतो, त्या क्षणी मी चुकलो असतो. एवढं दूर आलो, मायची एकच इच्छा, गावाला काय सांगू, हेच डोक्यात. "हळूहळू नेऊ, काही होत नाही" हे शब्द अगदी ओठावर होते माझ्या. दर हंगामात त्या वाटेवर माणसं दगावतात, बहुतेक हृदयाच्या नाहीतर श्वासाच्या त्रासानं, आणि त्यातल्या कितीतरी जणांच्या घरच्यांनी असंच म्हटलं असेल, प्रेमानंच म्हटलं असेल. मायनंच मला सोडवलं. म्हणाली, "तू जाय. मी इथून हात जोडते. मले काही झालं तं देवाच्या नावाले बोल लागन."

मग तिनं पिशवीतून डबा काढला. दिवाळीपासून ओसरीवर बसून तिनं आपल्या वावरातल्या कापसाच्या वाती वळल्या होत्या, सरकी हातानं काढून, मांडीवर वळून, अकराशे. हे मला त्या दिवशी कळलं. अर्ध्या तिनं रुमालात बांधून मला दिल्या, अर्ध्या ठेवून घेतल्या.

मी आणि भाचा चढलो. गौरीकुंडहून सोळा किलोमीटर म्हणतात पण पायांना जास्त वाटते. २०१३ च्या पुरात वाहून गेलेलं रामबाडा जिथं होतं तिथं पाच मिनिटं थांबलो, देवळामागची ती भीमशिला पाहिली, जिच्यामुळे पाणी फाकलं आणि देऊळ वाचलं. दर्शन झालं, डोळे भरून आले, वाती देवळाबाहेर लावल्या. एवढंच सांगतो, कारण तुमचा प्रश्न माझ्याबद्दल नाही.

खाली आल्यावर मायला त्रियुगीनारायणला नेलं. सोनप्रयागहून बारा-तेरा किलोमीटर, गाडी जवळपास देवळापर्यंत जाते. तिथं शंकर-पार्वतीचं लग्न लागलं असं मानतात आणि लग्नातला अग्नी अजून जळतो आहे, अखंड धुनी, लोक त्यात लाकूड टाकतात आणि राख घेऊन जातात. मायला हे माहीतच नव्हतं. पुजाऱ्यानं सांगितलं तशी ती मटकन खाली बसली आणि मोठ्यानं म्हणाली, "एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!" आपल्या पोळ्यातली झडती, तोरणाखाली बैल उभे करून मोठ्यानं म्हणतात ती. आजूबाजूचे लोक बघायला लागले, कोणाला काही कळलं नाही, आणि माझ्या अंगावर काटा आला. लहानपणापासून तोरणाखाली बैल धरून ऐकलेला तो शब्द, आणि त्या गौरेचं लग्न लागलं ती जागा समोर. उरलेल्या वाती मायनं तुपात भिजवून एक-एक करून धुनीत सोडल्या, पाऊण तास लागला, कोणी तिला उठवलं नाही.

परतीच्या वाटेवर उखीमठ. भाऊबीजेला केदारनाथचे कपाट बंद होतात आणि देवाची डोली खाली उखीमठच्या ओंकारेश्वर मंदिरात येते, पुढं हिवाळाभर केदाराची पूजा तिथंच चालते. पुजारी हे सगळं हिंदीत सांगत होते आणि माय मान हलवत होती. बाहेर पायरीवर बसून चप्पल घालताना तिनं मला विचारलं, "म्हंजे थंडी सोसत नाही तं देव बी खाली येते?"

म्हटलं, हो माय.

"मंग मी नाही चढली तं काय बिघडलं?"

मृगाच्या चार दिवस आधी आम्ही घरी पोहोचलो आणि पेरणीच्या गडबडीत सगळं मागं पडलं. पोळ्याला बैल धुतले, झुली घातल्या, माय आतून एक पुडी घेऊन आली. धुनीतली राख. तिनं चिमटीनं दोन्ही बैलांच्या कपाळाला लावली, मग माझ्या, आणि तोरणाकडे निघताना भाच्याला म्हणाली, "आज झडती जोरानं म्हण."