आमच्या गल्लीची कोजागिरी

पुण्यातनं बिऱ्हाड हलवून आम्ही कळंब्याला राहायला आलो तेव्हा तिकडच्या सगळ्यांनी विचारलं की कोल्हापुरात काय ठेवलंय. आत्ती आहे, दोन मामा आहेत, दादा-वहिनी आहेत आणि शुक्रवार पेठेतली आमची गल्ली आहे, अजून काय पाहिजे! पुण्यात असताना माहेर म्हणजे दिवाळीचे चार दिवस, त्यातला एक यायला आणि एक जायला. आता वहिनीचा फोन येतो, पांढरा रस्सा केलाय डबा घेऊन ये, आणि मी स्कूटरला किक मारते.

पण आपण खरंच परत आलो असं वाटलं ते मंडळाच्या कोजागिरीला. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, जमाखर्चाचं वाचन, दहावी-बारावीच्या पोरांचा सत्कार हे सगळं दरवर्षी होतं आणि व्हायलाच पाहिजे, त्याबद्दल वेगळं काय लिहू. माझं लक्ष कढईकडं. दूध गंगावेशीतनं येतं, समोर म्हशीची धार काढून घेतलेलं, पिशवीतलं दूध आमच्या कोजागिरीला चालत नाही हा नियम आजोबांच्या वेळेपासूनचा. ते आटत येतं तशी कडेला जाड साय धरते, ती झाऱ्यानं खरवडून परत आत ढकलायची, आणि जायफळ अगदी शेवटी, आधी घातलं तर वास उडून जातो. सोबत भडंग, त्यावर कच्चा कांदा नि कोथिंबीर.

दूध आटेपर्यंत माईक फिरतो आणि मी खरी जाते ती या भागासाठी. पाहुण्यांची भाषणं नाहीत, गल्लीतल्याच माणसांनी दोन-दोन मिनिटं बोलायचं. जी माणसं कधी बोलत नाहीत ती बोलायला लागली की मला दरवर्षी रडू येतं. मागल्या कोजागिरीला आमच्या आत्तीला उठवलं. नको नको म्हणत उभी राहिली, माईक हनुवटीला टेकवला आणि म्हणाली, "मला बोलाय येत न्हाई, एवढंच सांगतो. 2019 ला पाणी आलं, पोरं म्हटली आत्ती चला, मी म्हटलं देव ठेवून कुटं येऊ? तर ह्यो पोरगा, त्यानं पयला माझा देव्हारा उचलला डोक्यावर आन् म्हटला, आता या देवाच्या मागनं. तो बघा, दूध ढवळतोय." सगळी गल्ली मागं वळून बघायला लागली, तो बिचारा मान वर करेना, झारा फिरवतच राहिला.

पंचगंगा एवढी जवळ असली की असं असतं. राजाराम बंधाऱ्याला 39 फूट झालं की इशारा आणि 43 ला धोका हे आमच्या शेंबड्या पोरालापण पाठ आहे. 2005, 2019, 2021, तिन्ही पुरांत गल्लीनं एकमेकांना धरून ठेवलं, म्हणून ही माणसं माईकवर आली की साधंच बोलतात पण ते आतनं येतं.

एक गोष्ट मात्र लागते मनाला. नव्या कॉलन्यांत राहायला गेलेली आपलीच माणसं ग्रुपवर अंगठा दाखवतात आणि येत नाहीत, काहीजण तर तोंड दाखवून मनोगतांच्या आधीच गाडी काढतात. आत्ती बोलत होती तेव्हा पुढच्या दोन रांगा रिकाम्या होत्या, मला ते अजिबात आवडलं नाही. मुंबईचे मामेभाऊ रात्रीच्या गाडीनं येतात आणि उचगावच्या माणसाला लांब पडतं?

ज्यांनी राबून हे सगळं केलं त्यांची आठवण काढलीच पाहिजे. शेगडी आणि कढई देणारे मंडपवाले काका, खुर्च्या देणारी शेजारची तालीम, त्या खुर्च्या पहाटे परत नेऊन लावणारी कॉलेजची पोरं, कांदा चिरणाऱ्या माझ्या वहिनी आणि त्यांच्या दोन्ही जावा, लाईट गेल्यावर इन्व्हर्टर जोडून देणारा समोरच्या घरातला भाचा, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आण्णांना खुर्चीसकट जिन्यावरनं खाली आणणारे चौघं, पेले विसळणाऱ्या मावशी, रांगोळी काढणाऱ्या मुली. आणि हो, गल्लीच्या तोंडाला उभं राहून गाड्या लावून घेणारे तात्या, त्यांचं नाव दरवर्षी आभारात राहतं आणि ते कधी बोलून दाखवत नाहीत.

आता आषाढ येईल, त्र्यंबोलीला, म्हणजे आमच्या टेंबलाईला, नदीचं नवं पाणी वाहायला गल्ली निघेल. पी ढबाक वाजवणाऱ्या वाजंत्रीवाल्यांना आत्ताच सांगून ठेवा, मंगळवार-शुक्रवारी सगळ्या पेठा एकदम निघतात मग मिळत नाहीत. माझी लेक पुण्यात वाढली पण यंदा पाण्याची कळशी डोक्यावर घेणार म्हणून आत्तापासून तिनं आत्तीकडं नंबर लावलाय, तेव्हा टेंबलाईला तरी सगळ्यांनी या, अंगठा नको.