वायफाय आहे, इंटरनेट नाही

देवगड, १४ जुलै

अकराच्या बैठकीला पाऊण तास उरला असताना लॅपटॉपने ‘इंटरनेट उपलब्ध नाही’ असे कळवले. वायफायच्या चिन्हातील रेषा मात्र सगळ्या भरलेल्या होत्या. बाबांनी ओटीवरून विचारले, “रेषा पूर्ण दिसतायत, मग नेट गेलं कसं?” प्रश्न बिनतोड होता. त्या रेषा लॅपटॉप आणि माजघरातला राऊटर यांच्यामधील संकेताचे बळ तेवढे दाखवतात. राऊटरच्या पलीकडे काय चालले आहे, याची त्यांना कल्पना नसते.

हे ठाऊक असूनही मी घाईत मोठी चूक केली. रात्री तीनदा लाईट गेली होती, त्यामुळे यंत्र अडकले असावे असे गृहीत धरून मी आधी फायबरचा मोडेम आणि मग राऊटर बंद करून पुन्हा चालू केला. येथवर ठीक होते. त्याने काही होईना, तेव्हा टाचणी घेऊन राऊटरच्या मागचे रीसेटचे छिद्र दहा सेकंद दाबून धरले. त्यासरशी वायफायचे नाव आणि पासवर्ड तर पुसले गेलेच, शिवाय केबलवाल्याने दोन वर्षांपूर्वी भरून दिलेले पीपीपीओईचे, म्हणजे इंटरनेट खात्यात शिरण्यासाठी राऊटर वापरतो ते, युजरनेम आणि पासवर्डही गेले. मूळ दोष तसाच राहिला आणि त्यावर माझ्या हातचा एक दोष वाढला.

बैठक फोनच्या डेटावर कशीबशी उरकली आणि मग शांतपणे पाहायला बसलो. मोडेमवरचा पॉनचा, म्हणजे फायबरच्या जोडणीचा, हिरवा दिवा स्थिर होता आणि एलओएसचा, म्हणजे संकेत तुटल्याचा, लाल दिवा विझलेला होता, म्हणजे रस्त्यावरून येणारी फायबर शाबूत होती. राऊटरवरचा वॅनचा, म्हणजे मोडेमकडून येणाऱ्या जोडणीचा, दिवा मात्र लागतच नव्हता. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ हा पत्ता टाकून राऊटरचे पान उघडले, तर तेथेही वॅनची केबल जोडलेली नसल्याचे लिहिले होते. केबल तर डोळ्यांसमोर खोचलेली होती. मोडेम आणि राऊटर यांना जोडणारी ती हातभर केबल काढून राऊटर आणि लॅपटॉप यांच्यामध्ये लावून पाहिली, तेव्हा तेथेही दिवा लागला नाही, आणि दोषी कोण हे ठरले.

प्लग उजेडात धरला तेव्हा आठांपैकी चार-पाच पिनांवर हिरवी बुरशी चढावी तसा थर दिसला. या पिनांवर सोन्याचा अगदी पातळ मुलामा असतो. तो झिजला की खाऱ्या, दमट हवेला खालचा तांबेयुक्त धातू सापडतो. बाबांनी चष्मा लावून पाहिले आणि म्हणाले, “कळंक चढलाय. कल्हई करून घे.”

आता आठवते, गेले पंधरा दिवस १५० एमबीपीएसच्या जोडणीवर वेग ९५ च्या पुढे जात नव्हता आणि मी पावसाला बोल लावत होतो. गिगाबिटच्या, म्हणजे १००० एमबीपीएसच्या, वेगाला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात. त्यातली एखादी निकामी झाली तर बरीच यंत्रे निमूटपणे १०० वर उतरतात, कारण तेवढ्यासाठी १, २, ३ आणि ६ या पिनांवरच्या दोन जोड्या पुरतात. केबलने पुरेशी आधी सूचना दिली होती. ती वाचायला मी तयार नव्हतो.

जुन्या खोक्यातली दुसरी केबल लावताच वॅनचा दिवा लागला, पण इंटरनेट आले नाही, कारण खात्याचा तपशील मीच पुसून टाकला होता. केबलवाला कुठल्या तरी वाडीत माड पडून तुटलेली फायबर जोडत होता. त्याचा फोन दुपारी साडेतीनला आला. त्याने सांगितलेली अक्षरे भरल्यावर मिनिटभरात जोडणी झाली आणि वेग १४० च्या वर गेला. युजरनेम आणि पासवर्ड कागदावर लिहून, वर प्लास्टिकची चिकटपट्टी लावून, तो कागद राऊटरच्या बुडाला चिकटवला आहे. मोडेमच्या बाजूची दुसरी टोके उद्या तपासायची आहेत.